पुसलेल्या कोंबड्याचं नाणं

"हे नाणं आपल्या गावचं नाही!"
"आहे!"
"नाही!"
"आहे, आहे, आहे!"

पाववाला योर्ग ओरडत होता. टिपी उंदरीण त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होती.

लांब जर्मनीतलं, तटबंदीचं गाव. तिथं राजा नाही. गावाचं नाणं गावच पाडतं. चांदीचं, इवलंसं, माशाच्या खवल्याएवढं. त्यावर गावाचा कोंबडा.

"मग कोंबडा कुठंय?" योर्ग म्हणाला.

टिपी खाली बघू लागली. नाणं तिनं गालात ठेवलं होतं. चाटून चाटून कोंबडा पुसला!

"कोंबडा नाही, तर पाव नाही."

आणि घरी सात पिल्लं भुकेली.

तुरुतुरु तुरुतुरु. टिपी टाकसाळीत आली. तिथं नाणी ठोकतात.
"टाकसाळवाल्या, टाकसाळवाल्या, कोंबडा ठोक!
योर्ग पाव देईना,
पिल्लं गप्प बसेनात!"
"हातोड्याला दांडा नाही. सुतार दांडा देईल, तर ठोकीन."

तुरुतुरु तुरुतुरु. सुताराकडं.
"सुतारा, सुतारा, दांडा तास!
टाकसाळवाला ठोकेना,
योर्ग पाव देईना,
पिल्लं गप्प बसेनात!"
"लाकूड नाही. नावाडी लाकूड आणेल, तर तासीन."

तुरुतुरु तुरुतुरु. नदीवर. नावाडी नावेत आडवा!
"नावाड्या, नावाड्या, लाकूड आण!
सुतार तासेना,
टाकसाळवाला ठोकेना,
योर्ग पाव देईना,
पिल्लं गप्प बसेनात!"
"पोटात कावळे ओरडतायत. योर्ग पाव देईल, तर आणीन."

"घ्या! फिरून योर्ग्याच!"

तुरुतुरु तुरुतुरु.
"योर्ग्या, योर्ग्या, नावाड्याला पाव दे!
नावाडी हलेना,
सुतार तासेना,
टाकसाळवाला ठोकेना,
योर्ग पाव देईना – म्हणजे तूच की रे, मेल्या! –
पिल्लं गप्प बसेनात!"
"नाही देत, जा!"

टिपी सर्रकन त्याच्या खांद्यावर चढली. कानात एकच वाक्य बोलली.

योर्ग पिठाहून पांढरा झाला.

योर्गनं पाव दिला. नावाड्यानं खाल्ला, मटामट. नाव चालली, छपाक् छपाक्. लाकूड आलं. सुतारानं तासलं, खर्र खर्र. दांडा बसला. हातोडा उठला.

ठण्!

कोंबडा उमटला. टिपीनं नाणं आणलं. या वेळी गालात नाही, शेपटीत धरून! योर्गनं गुपचूप पाव दिला. गरमागरम. सातही पिल्लं गप्प. तोंडं भरलेली ना!

आणि कानात काय म्हणाली होती टिपी?

"नाही देत तर नको देऊस, आजच सातही पिल्लं घेऊन तुझ्या पिठाच्या कोठीत राहायला येते मी!"