अळणी कोकरू

“म्हणजे मीठसुद्धा चाखायचं नाही?”

केरबा हसला. पाचशे पानांची लग्नं उठवलेला आचारी तो. घरात दोन वेळा रांधणाऱ्या बाईला कुणी आचारी म्हणत नाही. केरबाला म्हणत. त्यालाही ते आवडे.

“पीराला निवद दाखवल्याशिवाय नाही,” जंगूबाबा म्हणाले.

“नाही चाखत. माझ्या मुठीला कळतं, बाबा.”

बाबांनी फडकं बांधलेलं मिठाचं मडकं त्याच्यापुढे सरकवलं.

फाल्गुन सरत आला होता. डोंगरावरच्या पीराची कंदुरी, निवदाच्या मटणाची पंगत, होती. धनगरांनी तीन कोवळी कोकरं दिली होती. इथली चूल चाळीस वर्षं जंगूबाबा फकिराची. आता त्यांचे हात कापत. आजचं जेवण उठलं, की ती कुणाला द्यायची ते बाबा सांगणार होते.

केरबाला ती हवी होती. लग्नांचे आचारी पुष्कळ, पीराचा एकच.

त्याने कांदा परतला, मसाला भाजला, मटण टाकलं. माणसं भोवती जमली. मग काय! कुठल्या लग्नात रस्सा कमी पडला, आपण तो कसा पुरवला, व्याह्याने आपल्याला कसा फेटा बांधला... हात चालत होता, तोंड त्याहून जोरात.

उकळी आली. बाबांनी पातेल्याकडे बघितलं. केरबाकडे बघितलं. आणि मेथी निवडायला बसले.

निवद झाला. पंगत बसली. भाकरीवर रस्सा पडला. केरबा छाती काढून उभा राहिला.

पहिला घास...

तो तोंडातच फिरत राहिला.

धनगरांच्या बायजाक्काने मान वर केली. “केरबा, सगळं मीठ लग्नांतच वाटून आलास काय रे?”

पंगत खो खो हसली.

केरबाने बोट बुडवून चाटलं. मिठाच्या मडक्याचं फडकं सोडलेलंच नव्हतं.

“बाबा... पीराला अळणी निवद दिला मी.”

“पीर काही बोलला?”

“थट्टा नको, बाबा. लोक उठतील आता.”

बाबांनी परात पुढे ओढली. मेथी, कांद्याची पात, कोथिंबीर, हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यात दोन मुठी मीठ टाकलं.

“बस. चोळ.”

केरबाने चोळलं. पाल्याला पाणी सुटलं. वर दाण्याचं कूट पडलं, कच्चं तेल पडलं. हिरवा वास पंगतभर गेला.

“आता वाढ. विचारून वाढ.”

केरबा वाकला. “किती घालू, आक्का?”

“घाल की! हात आखडतोस कशाला?”

“मामा, तुम्हाला?”

“जरा कमी. दात नाहीत बाबा.”

पाला आणि मटण एका घासात गेलं. बायजाक्काने डोळे मिटले. मग मांडीवर थाप मारली. “आता कसं! आता लागलं कोकरू!”

परात संपली. दुसरी चोळली. तिसरी चोळली. पंगत काही उठेना. कुणी गाणं धरलं, कुणी खरकट्या हातानेच ताल धरला. केरबा घामाने निथळत, पळत, विचारत होता, आणि हसत होता.

सगळे गेल्यावर तो चुलीपाशी येऊन बसला.

“चूल दुसऱ्या कुणाला द्या, बाबा.”

बाबांनी मोठी पळी धुतली, पुसली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

केरबाने पळी उचलून हातात धरली.

“मीठ राहिलं, हे तुम्हाला कळलं होतं?”

“उकळी आली तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू बोलत होतास. मध्येच कसं बोलू?”