दाण्याचं दुसरं टोक

झाडं एकमेकांशी बोलत असत त्या काळी चिंचेखालची एक मुंगी गुळाच्या ढेपेत झोपली आणि गलबतातून समुद्रापार गेली. तिकडे कित्येक वर्षं तिला स्वप्नात याच चिंचेचा वास येई. शेवटी ती रिकाम्या पोत्यात बसून परतली.

वारूळ तेच होतं, पण जिच्या तिच्या तोंडी एकच, "कधी आलीस? परत कधी निघणार?" कामाला कुणी हात लावू देईना. पानावर साखर वाढून तिला बाजूला बसवत. साखर घशाखाली उतरेना आणि चिंचेचा वासही येईना. आपण अजून समुद्रापारच आहोत, असं तिला वाटे.

एका संध्याकाळी तिची म्हातारी मावशी जोंधळ्याचा दाणा ओढत आली आणि खेकसली, "बघत काय उभी राहिलीस? ते टोक धर."

मुंगीने टोक धरलं. तेव्हा कुठे तिला चिंचेचा वास आला.