घरोघरी

कोंबडा आरवायच्या आत कातळगडातली झाडून सगळी जाती एकदम घरघरली आणि उदाजीराजांची झोप मोडली. वर बायका ओव्या गात होत्या, त्याही खुल्या गळ्यानं. आता राजांची झोप म्हणजे काय साधीसुधी गोष्ट? तिच्यासाठीच तर महिन्यापूर्वी हुकूम निघाला होता की सूर्य उगवल्याशिवाय कुणी जातं फिरवायचं नाही. उन्हं वर आल्यावर दळायचं, तर भाकरी कधी थापायची आणि शेतावर कधी जायचं, हे विचारायची सोय त्या हुकुमात नव्हती.

राजे तसेच, पागोट्याशिवाय, दरबारात आले.

"कोतवाल, हे ज्याच्यामुळं सुरू झालं तो माणूस मला हवा. त्यानं वर्षभर राजवाड्याचं दळण दळायचं. पहाटे उठून!"

हणगोजी कोतवाल निघाला. पहिल्याच घरात सासू-सून समोरासमोर बसून दळत होत्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात.

"आधी कुणी फिरवलं?"

"मी नुसता हात ठेवला होता, ओढला हिनं," सासू म्हणाली.

"अगंबाई, मी कुठं? आत्याबाईंनी ढकलला म्हणून माझा हात गेला," सून म्हणाली. "आणि आम्ही तरी शेजारच्यांचं ऐकून बसलो."

शेजारच्यांनी पलीकडचं घर दाखवलं, पलीकडच्यांनी त्याच्या पलीकडचं. असं करत गाव पालथं घालून कोतवाल शेवटच्या घरी पोचला. त्या घरानं बोट केलं ते थेट कोतवालाच्याच घराकडं. तिथं त्याची बायको परातीत पीठ भरत बसली होती. हणगोजीनं चौकशी तिथंच आटोपली.

पण रिकाम्या हातानं राजांपुढं जायचं कसं? वाटेत त्याला नरसू टाकारी भेटला. गुळगुळीत झालेल्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावून देणारा हा गरीब माणूस. हणगोजीनं त्यालाच धरून नेलं.

"महाराज, गावातल्या एकूण एक जात्याला यानं टाकी लावलीय. हा नसता तर पीठच पडलं नसतं."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. राजांना तेवढंही पुरलं. "तीन दिवसांत खरा माणूस सापडला तर ठीक. नाहीतर नरसूनं राज्याची हद्द सोडायची. टाकी नाही, तर दळणही नाही!"

नरसूच्या घरात माणसं दोनच, तो आणि त्याची लेक राही. बाप गेला तर तिला दुसरं कोण होतं? दोन दिवस ती गावातल्या बायकांशी बोलत फिरली. तिसऱ्या दिवशी ती दरबारात आली, काखेत गुंडाळलेली गोधडी आणि मागं निम्म्या गावच्या बायका. नरसू गाठोडं बांधून कोपऱ्यात उभा होता.

"माणूस सापडला, महाराज. पण तो फार मोठा आहे. शिक्षा तीच राहील ना, वर्षभर दळायची?"

"कितीही मोठा असो. हा माझा शब्द आहे."

"मग लखू दवंडीवाल्याला विचारा, जाती घरघरली त्याच्या आदल्या सांजेला त्यानं काय दवंडी पिटली."

लखू पुढं आला आणि सवयीनं ओरडला, "ऐका हो ऐका! राजांच्या कानावर आलंय, गावात घरोघरी चोरून दळतात. यापुढं कुणी दळेल तर खबरदार!"

राहीनं गोधडी झटकली. पीठ उडालं ते कोतवालाच्या मिशांवर बसलं.

"आवाज होऊ नये म्हणून महिनाभर ही माझ्या जात्याखाली होती. दार लावून, तोंड मिटून दळायचे मी. वाटायचं, सारं गाव हुकूम पाळतंय आणि चोर काय ती मी एकटीच, महाराज."

"मी तर दोन गोधड्या घालायचे गं," मागून म्हातारी साळूबाई म्हणाली.

"ऐकलंत? शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. मग दवंडी आली. घरोघरी! घरोघरी मातीच्या चुली असतात हे ठाऊक होतं, पण जातीही घरोघरी फिरतात, हे आम्हाला कळलं तुमच्या तोंडून. मग गोधडी कशाला ठेवायची? सगळ्यांनी काढली. ज्याच्यामुळं हे सुरू झालं तो माणूस तुम्हीच, महाराज."

कोतवाल छताकडं बघू लागला. राजांनी मिशी चाचपली आणि त्यांना एक पळवाट दिसली.

"पण पोरी, पहाटे दळायला तर बंदी आहे. मी दळलो तर माझाच हुकूम मोडेल. म्हणजे ही शिक्षा होऊच शकत नाही!"

"खरं आहे. मग राजांनी शब्द फिरवला, एवढीच दवंडी लखूला पिटू द्या. घरोघरी."

लखूनं टिपरी उचललीसुद्धा.

"थांब, थांब! दवंडी नको. हुकूम रद्द!"

"मग आता दळायला काही आडकाठी नाही, महाराज."

राजे बोलण्यात पुरते अडकले होते. तोवर राणीसाहेबांनी मुदपाकखान्यातलं जातं मागवलंही, आणि पदर खोचून त्या समोर बसल्याही. राजांनी मांडी घातली. पाच मुठी ज्वारी दळेपर्यंत त्यांचा घाम जात्यात पडायच्या बेताला आला, आणि पीठ बघावं तर निव्वळ भरड.

"यात माझा काय दोष?" राजे फुरंगटून म्हणाले. "जातंच बोथट आहे."

"मग टाकी लावणारा हद्दीच्या आतच ठेवलेला बरा, नाही का महाराज?" राही म्हणाली.

राजे असे गदगदून हसले की परातीतली भरड उडाली. नरसूचं गाठोडं त्यांनी स्वतःच्या हातानं सोडलं, आपल्या हातातलं सोन्याचं कडं त्याच्या हातात घातलं आणि राजवाड्यातल्या सगळ्या जात्यांचं काम त्याला कायमचं दिलं. वर्षाची शिक्षा राहीनं पाच मुठींवरच सोडली. राणीसाहेबांनी तिला नवी कोरी रेशमी गोधडी दिली आणि म्हणाल्या, "ही मात्र अंगावर घे हो."