लाकडी दारांचा टीव्ही

टीव्हीला लाकडी दारं असायची, त्या काळातला एक टीव्ही कमलिनीबाईंच्या घरी कोपऱ्यात होता. भिंतीवरचा नवा टीव्ही त्याला म्हणाला, "आजोबा, बाईंचे गुडघे दुखतात, हे मी मालिशच्या तेलवाल्यांना कळवलंसुद्धा! तुम्ही जन्मभर काय ऐकलंत?"

"काहीच नाही. बातम्या संपल्या की बाई माझी दारं ओढून घ्यायच्या, मग घरातल्या गप्पा रंगायच्या." जुना म्हणाला.

इतक्यात तेलवाल्यांचा फोन आला. बाई चपापल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, गुडघ्यांचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, इथेच, या टीव्हीसमोर!"

त्यांनी उठून नव्याची पिनच उपटली. मग जुन्या सवयीने कोपऱ्यातली लाकडी दारंही ओढून घेतली आणि नवऱ्याशेजारी येऊन बसल्या.

"हं, आता बोला."