तंबोऱ्याची धाकटी बहीण

फार मागे एका वेलावर दोन भोपळे वाढले. थोरल्याचा तंबोरा झाला आणि तो शहरातल्या मैफली गाजवू लागला. धाकट्याची एकतारी झाली. ती बारशांना पाळणे गात खेडोपाडी हिंडली.

जाईल तिथे लोक विचारायचे, "तंबोऱ्याची बहीण ना गं तू? दादा काय म्हणतोय?" मग ती गायला लागायची आणि निम्मी मंडळी पेंगायची. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. एकतारी आता पार शिणली होती.

एका बारशाला तर दुसऱ्याच कडव्याला पाळण्यातलं बाळ झोपलं आणि आत्याबाई भिंतीला टेकून घोरू लागल्या. एकतारी गाता गाता थांबली.

"पुरे झालं आता," ती बाळंतिणीला म्हणाली. "दादाच्या मैफलीत म्हणे पहाटेपर्यंत कुणी डोळा मिटत नाही. त्यालाच बोलवायचं होतंस."

"नको गं बाई!" बाळंतीण घाबरून कुजबुजली. "जन्मल्यापासून या पोरानं माझा डोळा लागू दिला नाही. तू थांबू नकोस. मीही जरा पडते."

एकतारीने पुढचं कडवं धरलं, आधीपेक्षा हळू आवाजात.