साखरेविना बोरन्हाण

सरदार भुजंगरावांच्या नातवाला साखर सोसत नसे. चिमूटभर पोटात गेली की पोर घर डोक्यावर घेई. म्हणून त्याच्या बोरन्हाणाला सूनबाई वेणूताईंनी हलव्याऐवजी खजूर-तिळाच्या इवल्या गोळ्या वळल्या.

"साखर नाही? एक मूल हात लावणार नाही," सरदार गरजले.

बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या मात्र, पोरांची नुसती झुंबड उडाली. बाळानेही मुठी भरभरून खाल्लं. सरदारांनी हळूच एक गोळी तोंडात टाकली आणि भर बायकांत म्हणाले, "एवढी गोड? सूनबाई, चोरून साखर घातलीस."

वेणूताईंनी त्यांच्या मांडीकडे बोट दाखवलं. बाळ तिथे गाढ झोपलं होतं.

"मामंजी, साखर असती तर हा आत्ता तुमच्या पगडीवर असता."