सटवाजीच्या दाराचा उतार

राजरस्त्यावरच्या एकाही घराचा दगड हलता कामा नये, असा देवडोंगरीच्या भूपालराजाचा हुकूम होता. सगळी घरं एका उंचीची, सगळ्यांना सारख्याच उंच पायऱ्या. पाहुणे आले की राजा मिशीवर ताव देत ही रांग दाखवायचा.

त्याच रांगेत म्हातारा सटवाजी नगारची राहायचा. त्याचे गुडघे धरले, पायऱ्या उतरणं बंद झालं. ज्याच्या नगाऱ्यानं गाव जागं व्हायचं, तो आता खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत दिवस काढू लागला. एकदा त्यानं लेकीला विचारलं, "येसू, देवळापुढचा पार आहे ना गं अजून जागेवर?"

येसूला राहवेना. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, पायऱ्यांच्या जागी उतार बांधू द्या. आबा काठी टेकत बाहेर येतील."

"आणि माझी रांग बिघडवू? मुळीच नाही!"

"रांग दगडांची आहे महाराज. आत माणसं राहतात!"

दरबार चपापला. राजा लालबुंद झाला. "जीभ फार चालते तुझी! उद्या बापाला भर दरबारात हजर कर. पण त्यानं वाड्याची एकही पायरी चढायची नाही आणि कुणी त्याला उचलून वर आणायचं नाही. जमलं तर बांध उतार. नाहीतर घर रिकामं कर!"

घर गेलं तर आबांना न्यायचं कुठं? येसू हाच विचार करत घरी आली, तर सटवाजी खिडकीच्या फळीवर बोटांनी ताल धरून बसलेला. येसू बघत राहिली आणि एकदम हसली.

"आबा, उद्या दरबारात जायचंय."

"अगं, मी चढू कसा?"

"चढायचं नाही. वाजवायचं!"

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी सटवाजीला नगाऱ्यासकट बैलगाडीतून आणलं आणि वाड्याच्या अंगणात बसवलं. टिपरी पडली. धडाड्‌धूम! वर राजाचा पाय हलू लागला, मग मान, आणि शेवटी राजा गादीवरून उठून धावतच खाली आला. राजा उठल्यावर बसणार कोण? प्रधान, मानकरी, सगळे मागोमाग!

नगारा थांबला. "वा, सटवाजी, वा!" राजा ओरडला.

येसूनं हात जोडले. "महाराज, आबा भर दरबारात हजर आहेत."

"दरबार वर आहे!"

"वर कोण आहे, प्रधानजी?"

प्रधानानं मान उंच करून पाहिलं. "कुणीच नाही. नुसती गादी."

"महाराज इथं, प्रधानजी इथं, मानकरी इथं. मग दरबार कुठं?"

राजा असा हसला, की पगडी कानावर आली!

"हरलो पोरी! बांध उतार, वाड्याच्या खर्चानं. आणि ज्या ज्या घरात पायांनी अधू माणूस असेल, तिथंही बांधून दे." मग त्यानं वाड्याच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि हळूच गुडघा चोळला. "पण गवंडी आधी इकडं पाठव. आता मला वर जायचंय!"